एमआरआयला किती पडतील?

पेठ वडगावात एखाद्याच्या कमरेतली कळ पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरायला लागली, की आधी बाम, मग शेक, मग गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या असं सगळं रीतसर होतं. तरी उतार पडला नाही तर डॉक्टर चिठ्ठी लिहितात : एमआरआय, एल-एस स्पाइन, म्हणजे कमरेचे मणके. घरात मग फोनाफोनी सुरू होते. कोल्हापूर हायवेने वीसेक किलोमीटर, इचलकरंजी तशीच जवळ, सांगली-मिरज थोडं लांब. विचारायचं एवढंच असतं, ‘‘किती पडतील?’’ आणि पलीकडून उत्तराच्या आधी प्रश्न येतो, ‘‘कॅश आहे का इन्शुरन्स?’’

हा प्रश्न इतका अंगवळणी पडलाय की त्यातलं नवल आपल्याला जाणवतच नाही. यंत्र तेच, मणके तेच, टेक्निशियन तोच, रिपोर्टखालची सही तीच. तरीही पैसे कुणाच्या हातून येणार हे कळल्याशिवाय भाव सांगता येत नाही. एकाच मणक्याच्या एकाच तपासणीला चार-पाच वेगवेगळे भाव असू शकतात आणि ते सगळेच्या सगळे कागदोपत्री चोख असतात. हे कसं घडतं ते बघायचं तर सुरुवात त्या गार खोलीतून करावी लागते. भावाचं मूळ तिथेच आहे.

कधीच न झोपणारा चुंबक

एमआरआय म्हणजे मुळात एक प्रचंड चुंबक. बहुतेक ठिकाणी तो १.५ टेस्लाचा असतो, काही ठिकाणी ३ टेस्लाचा. होकायंत्राची सुई ज्या जोरावर उत्तरेकडे वळते, त्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक हा जोर. आपल्या अंगात पाणी आहे, चरबी आहे. त्यांत हायड्रोजन आणि हायड्रोजनच्या गाभ्यात एकेक प्रोटॉन. हा प्रोटॉन स्वतःच एक इवलासा चुंबक. मोठ्या चुंबकाच्या पोटात शिरल्यावर काही प्रोटॉन त्याच्या दिशेने उभे राहतात, काही उलट दिशेने, आणि दोन्हींची संख्या जवळजवळ सारखी भरते. १.५ टेस्लाच्या जोरातसुद्धा दहा लाखांमागे जेमतेम पाच प्रोटॉनांचं पारडं एका बाजूला झुकतं. अख्खं चित्र निघतं ते या पाचांच्या जिवावर.

सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा कंप पावणारी रेडिओलहर सोडून त्यांना धक्का दिला जातो. ते पूर्वपदावर येताना जो क्षीण संदेश सोडतात, तो टिपून संगणक चित्र उभं करतो. बाहेरच्या रेडिओ-मोबाइलचा गोंगाट आत शिरू नये म्हणून त्या खोलीला तांब्याचं अस्तर असतं. यंत्रातला तो कानठळ्या बसवणारा ठक-ठक आवाज मात्र रेडिओलहरींचा नसतो. चुंबकाच्या आत आणखी काही वेटोळी बसवलेली असतात, त्यांत वीज झटक्याझटक्याने सोडली जाते आणि ती हादरतात. हा सगळा खटाटोप साधणाऱ्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पैशांच्या दृष्टीने या यंत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हा चुंबक रात्री बंद करता येत नाही. त्याच्या तारा नायोबियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्या द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सियसला ठेवलेल्या असतात. इतक्या थंडीत तारेचा विरोध शून्य होतो. एकदा सोडलेला विजेचा प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. मात्र ती थंडी टिकवायला कॉम्प्रेसर आणि चिलर दिवसरात्र चालवावे लागतात, मग आत पेशंट असो वा नसो. जुन्या पद्धतीच्या यंत्रात हजार-दीड हजार लिटर हेलियम लागतो. अलीकडच्या काही सीलबंद यंत्रांत तो सात लिटरवर आला आहे.

या हेलियमशी आपल्या मुलखाचंही नातं आहे. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात पिअर जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या प्रकाशाचा अभ्यास केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून स्वतंत्रपणे तेच काम केलं. सूर्यप्रकाशात दिसलेली पिवळी रेघ पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याची नव्हती. तो हेलियम निघाला. हेच लॉकयर १८९८च्या जानेवारीतलं ग्रहण पाहायला विजयदुर्गावर आले होते. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवतात. आधी सूर्यावर सापडलेलं आणि मग १८९५ साली पृथ्वीवर हाती लागलेलं हे मूलद्रव्य आज आपल्याकडे आयात करावं लागतं आणि त्याचा खर्च कमरेच्या एमआरआयच्या बिलात कुठेतरी मुरलेला असतो.

सीट तीच, तिकीट वेगळं

आता हिशेब बघा. यंत्र कोट्यवधींचं, त्याचा हप्ता दर महिन्याला ठरलेला. वार्षिक देखभालीचा करार ठरलेला. वीज, जागा, टेक्निशियन, रेडिओलॉजिस्ट सगळं ठरलेलं. एक पेशंट वाढला तर खर्च किती वाढतो? चादर, फिल्म, थोडी जास्त वीज, रिपोर्टसाठी डॉक्टरांचा वेळ. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायचं असेल तर तेवढं वेगळं. बाकी खर्च दिवसाला पाच पेशंट आले तरी तोच आणि वीस आले तरी तोच.

वडगावहून कोल्हापूरला निघालेल्या एसटीचंही असंच असतं. गाडी रिकामी गेली तरी डिझेल, ड्रायव्हर, कंडक्टर यांचा खर्च टळत नाही. आणि त्याच गाडीत शेजारी-शेजारी बसलेल्यांची तिकिटं बघा. तरुण पोराचं पूर्ण. त्याच्या आईचं निम्मं, कारण १७ मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांचं शून्य, कारण २०२२च्या ऑगस्टपासून त्यांना प्रवास मोफत आहे. उरलेल्या पैशांची भरपाई सरकार महामंडळाला करतं. सीट तीच, खड्डे तेच. ‘एका सीटची किंमत किती’ असं विचारून इथे उत्तर मिळत नाही. कोण बसलंय आणि त्याच्या वतीने कुणी काय ठरवलंय हे कळलं की मिळतं.

एमआरआय सेंटरचं अर्थकारण याच जातीचं. मोकळी गेलेली अर्ध्या तासाची वेळ परत येत नाही. म्हणून रोख देणाऱ्याला फोनवरच ‘थोडं कमी करू’ म्हटलं जातं. रात्रीच्या वेळेला सवलत मिळते, शिबिरात दर उतरतो. पुण्याच्या कृष्णा डायग्नोस्टिक्ससारख्या कंपन्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात बाजारापेक्षा स्वस्त तपासण्या करतात. पेशंटांचा ओघ नक्की असला की कमी दरातही हप्ते भरता येतात. यंत्राचा हप्ताच नसेल तर काय होतं तेही पाहायला मिळालं. २०२०मध्ये दिल्लीच्या गुरुद्वारा बंगला साहिबमध्ये देणगीतून आलेल्या यंत्रावर गरजूंना अवघ्या ५० रुपयांत एमआरआय देण्याची घोषणा झाली होती.

एका गल्लीतले पाच जण

समजा वडगावातल्या एकाच गल्लीत पाच जणांची कंबर एकाच महिन्यात धरली आणि पाचही जण कोल्हापुरातल्या एकाच यंत्राखाली गेले.

पहिला शेतकरी. त्याच्याकडे पॉलिसी नाही. तो रोख देणार. त्याचा भाव तो स्वतः ठरवतो, म्हणजे जेवढी चौकशी करेल तेवढा कमी.

दुसरा शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला. पगार महिना २१,००० रुपयांच्या आत, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, लागू. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के दरमहा जातात. ईएसआयने रीतसर चिठ्ठी देऊन पाठवलं तर सेंटरला त्याने काहीच द्यायचं नसतं.

तिसरे माजी सैनिक. कोल्हापूर जिल्ह्यात अशी घरं गावोगाव आहेत. २००३पासून सुरू असलेल्या ईसीएचएस योजनेत त्यांचं कार्ड आहे. त्यांच्यासाठी सेंटरला मिळणारा दर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सीजीएचएस योजनेच्या दरपत्रकावरून ठरतो. हे दरपत्रक १३ ऑक्टोबर २०२५पासून सुधारलं गेलं आणि त्याची रचना वाचण्यासारखी आहे. एनएबीएच हे दर्जाचं मानांकन नसलेल्या ठिकाणी दर १५ टक्के कमी. मुंबई-पुण्यासारख्या पहिल्या श्रेणीच्या शहरांपेक्षा दुसऱ्या श्रेणीत १० टक्के कमी, तिसऱ्या श्रेणीत २० टक्के कमी. कोल्हापूर दुसऱ्या श्रेणीत येतं. म्हणजे मणका तोच असला तरी पुण्यातला जास्त दराचा.

चौथ्या मावशी. मुलगा पुण्यात आयटीत, कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईचं नाव घातलेलं. त्या दवाखान्यात भरती झाल्या तर एमआरआयचं बिल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेकडे जाईल. भरती न होता नुसता एमआरआय करून घरी आल्या तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात.

पाचव्या घराची भिस्त महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेवर. २०१२च्या जुलैत ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली. २०२३च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ठरलं. इथे एमआरआयला वेगळा भावच नाही. ऑपरेशनचं पॅकेज ठरलेलं असतं आणि तपासण्या त्याच्या पोटात. पॅकेज मंजूर झाल्यावर त्याच ऑपरेशनसाठी दवाखान्याने वेगळे पैसे मागितले तर तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे जावं. मात्र रोग कोणता हेच ठरायचं असताना बाहेरून केलेला एमआरआय सहसा खिशातूनच होतो.

सरकारी दारातही एकच भाव नाही. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या निःशुल्क झाल्या. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. कोल्हापूरचं सीपीआर हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. पेशंटच्या लेखी दोन्ही ‘सरकारी दवाखाने’, पण खाती वेगळी, म्हणून नियम वेगळे.

फळ्यावर लिहिलेला भाव

एकाच तपासणीला कॅशचा भाव वेगळा आणि विम्याचा वेगळा, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सरकारने एकदा स्वतःच्या हाताने कागदावर उतरवली आहे. २०२०च्या सप्टेंबरात कोरोनाची पहिली लाट कोल्हापूर जिल्ह्यात टिपेला होती. ‘एचआरसीटी काढलात का? स्कोअर किती?’ हे शब्द तेव्हा घराघरात गेले. छातीच्या या सीटी स्कॅनला प्रत्येक सेंटर आपल्या मनाचा भाव लावत होतं. २४ सप्टेंबर २०२० रोजी राज्य सरकारने कमाल दर ठरवून दिले : १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रावर २,००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसच्या यंत्रावर २,५०० रुपये आणि ६४ स्लाइसच्या पुढे ३,००० रुपये. तपासणी, अहवाल, फिल्म, पीपीई किट, निर्जंतुकीकरण सगळं यातच. तपासणी नेहमीची असो की तातडीची, दर हाच. आणि हे दर सेंटरच्या दर्शनी भागात लावणं बंधनकारक.

स्लाइस म्हणजे यंत्राच्या एका फेऱ्यात शरीराचे किती पातळ काप टिपले जातात त्याची संख्या. कोविडच्या फुप्फुसात काय बिघडलंय हे १६ स्लाइसच्या यंत्रावरही दिसतं. तरी दर यंत्राच्या दर्जाप्रमाणे ठरवला गेला, कारण महाग यंत्राचा हप्ता मोठा.

त्या आदेशातलं पुढचं कलम त्या धामधुमीत फारसं कुणी वाचलं नाही. ज्यांच्याकडे आरोग्य विमा आहे किंवा ज्या आस्थापनांनी सेंटरशी करार केला आहे, त्यांना हे दर लागू नव्हते. म्हणजे सरकारने भाव बांधला तो रोख देणाऱ्यासाठी. विम्याच्या मागे विमा कंपनी उभी आहे, तिचं ती बघून घेईल, हा त्यामागचा विचार असावा. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन खोकणाऱ्या माणसांपैकी एकाचा कमाल भाव फळ्यावर होता आणि दुसऱ्याचा दोन संस्थांमधल्या करारात, त्याच्या नजरेआड.

विम्याचा भाव कुठे शिजतो

विमा कंपनीचा दर कॅशपेक्षा जास्त की कमी? दोन्ही होतं, आणि दोन्हींची कारणं आहेत.

कमी का होतो? घाऊक गिऱ्हाईक आहे म्हणून. २०१०मध्ये न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्लीसह मोठ्या शहरांत अनेक बड्या रुग्णालयांतलं कॅशलेस थांबवलं आणि ठरलेल्या पॅकेज दरांना तयार असलेल्या रुग्णालयांचं जाळं उभं केलं. ज्याच्या हाती लाखो पॉलिसीधारक, त्याला घासाघीस जमते.

जास्त का होतो? कारण विम्याचा पैसा सावकाश येतो. कॅशवाला शेतकरी टेबलावर नोटा ठेवतो किंवा क्यूआर स्कॅन करतो आणि व्यवहार संपतो. विम्याच्या बिलासाठी फॉर्म, पूर्वमंजुरी, टीपीएची ‘क्वेरी’, तिला उत्तर, मग मंजुरी आणि मग कधीतरी पैसे, तेही १० टक्के टीडीएस कापून. विमा नियामकाने मे २०२४मध्ये कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितली. त्यामुळे पेशंटचं ताटकळणं कमी व्हावं. दवाखान्याच्या खात्यात पैसे पडायला मात्र वेळ लागतोच. हा विलंब, हे कारकुनी काम आणि होऊ शकणारी कपात छापील दरात आधीच धरलेली असते. त्याला आळा घालायला पॉलिसीत ‘रिझनेबल अँड कस्टमरी’ असं कलम असतं, म्हणजे त्या भागात त्या सेवेला सर्वसाधारणपणे जेवढे पडतात तेवढेच देऊ.

यापेक्षा चक्रावणारी गोष्ट दवाखान्याच्या दरपत्रकात असते. अनेक मोठ्या रुग्णालयांत तपासणीचा दर पेशंटच्या खोलीवरून ठरतो. जनरल वॉर्डातल्या पेशंटचा एमआरआय एका भावाने आणि डीलक्स रूममधल्याचा चढ्या भावाने. खाली तळमजल्यावरचं यंत्र दोघांना एकच. समजा तुमची पॉलिसी २ लाखांची ‘आरोग्य संजीवनी’ आहे. १ एप्रिल २०२०पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी ही प्रमाणित पॉलिसी. हिच्यात खोलीची मर्यादा विमा रकमेच्या २ टक्के, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये. तुम्ही ६,०००ची खोली घेतलीत तर वरचे २,००० खिशातून जातात, शिवाय डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही दोन-तृतीयांशच मंजूर होऊ शकतो. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना मात्र नियामकाने या प्रमाणशीर कपातीतून वगळलं आहे. म्हणजे खोली वरची घेतली तर एमआरआयच्या रकमेला कात्री लागत नाही, पण एमआरआयचा मूळ भावच चढलेला असतो आणि विम्याच्या रकमेतून तेवढे जास्त वजा होतात.

आणखी एक वाटेकरी कुठल्याच पावतीवर दिसत नाही. पेशंट पाठवणाऱ्याला सेंटरकडून मिळणाऱ्या टक्क्याला आपल्याकडे ‘कट’ म्हणतात. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत असं कमिशन घेणं-देणं स्पष्ट निषिद्ध आहे. २०१७मध्ये मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने ‘आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही’ अशा आशयाचे फलक लावले, तेव्हा वैद्यकवर्तुळात मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. चिठ्ठीवर सेंटरचं नाव छापलेलं असलं तरी तिथेच जायची सक्ती पेशंटवर नसते.

दोन टोकं : अमेरिका आणि जपान

आपल्याकडचा हा गुंता मोठा वाटत असेल तर न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी कुटुंबाला विचारावं. अमेरिकेत १ जानेवारी २०२१पासून प्रत्येक रुग्णालयाने आपले दर वेबसाइटवर उघड करायचे असा नियम आहे. किमान ३०० सेवांचे दर सामान्य माणसाला कळतील असे मांडायचे. त्यांतल्या ७० सरकारने नेमून दिल्या आणि त्यांत मेंदूचा, कमरेचा आणि पायाच्या सांध्याचा एमआरआय आहे. दर तरी कसे? छापील दर, रोखीचा सवलतीचा दर आणि प्रत्येक विमा कंपनीशी ठरलेला वेगवेगळा दर. याद्या उघडल्यावर लोकांनी कपाळावर हात मारला. कित्येक ठिकाणी विमा कंपनीने वाटाघाटी करून मिळवलेल्या दरापेक्षा रोखीचा दर कमी होता. मात्र तिथे वर्षाची ठरावीक रक्कम खिशातून खर्च झाल्यावरच विमा सुरू होतो आणि विम्याला बाजूला ठेवून रोख दिलेले पैसे सहसा त्या रकमेत धरत नाहीत. आजची बचत वर्षअखेरीला अंगाशी येऊ शकते.

जपानने दुसरं टोक गाठलं. तिथे प्रत्येक तपासणीला सरकार गुण देतं आणि एका गुणाचे १० येन. १.५ टेस्लापासून ३ टेस्लाच्या आतल्या यंत्रावरच्या एमआरआयला १,३३० गुण, ३ टेस्ला आणि त्यापुढे १,६००. निदानाचे गुण वेगळे. टोकियोत असो की खेड्यात, गुण तेच. पेशंटने साधारण ३० टक्के भरायचे, बाकी विमा. भाव वाढवता येत नाही म्हटल्यावर यंत्रं बनवणाऱ्यांना लहान आणि स्वस्त यंत्रं काढावी लागली. लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वांत जास्त एमआरआय यंत्रं असलेल्या देशांत आज जपान अग्रभागी आहे.

फोनवर काय विचारायचं

भावांची तुलना करायची तर आधी माल एकच हवा. ‘एमआरआय किती?’ असं विचारलं की प्रत्येक सेंटर वेगळ्या मालाचा भाव सांगतं. चिठ्ठी हातात धरून विचारावं : एल-एस स्पाइनच ना, की सोबत होल स्पाइन स्क्रीनिंगही? प्लेन की कॉन्ट्रास्ट? कॉन्ट्रास्ट असेल तर इंजेक्शन आणि त्याआधीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी यात धरली आहे का? मशीन किती टेस्लाचं? फिल्म, सीडी आणि रिपोर्ट यातच ना? रिपोर्ट कधी मिळेल? हे सगळं जुळल्यावरच चार हजार आणि सहा हजार हे आकडे एकमेकांशेजारी ठेवावेत. अशा तपासणीवर जीएसटी नाही, हेही ध्यानात असावं.

पुढची गोष्ट पॉलिसी असलेल्या प्रत्येक घराने फ्रिजवर लावून ठेवावी अशी आहे. कॅश की इन्शुरन्स, हा निर्णय त्या फोनवर कायमचा होत नाही. भरतीच्या आधीच्या ठरावीक दिवसांतला त्याच आजारासाठीचा खर्च बहुतेक पॉलिसींत मिळतो. आरोग्य संजीवनीत भरतीआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस. समजा मावशींची पॉलिसी हीच असती, त्यांनी ३ तारखेला ५,००० रुपये रोख देऊन एमआरआय केला आणि २५ तारखेला मणक्याचं ऑपरेशन झालं. मुख्य क्लेम मंजूर झाला, तर ही जुनी कॅशची पावतीही क्लेममध्ये जाते आणि ५ टक्के को-पे, म्हणजे पेशंटचा ठरलेला वाटा, वजा करून ४,७५० रुपये परत मिळू शकतात. ऑपरेशन चाळीसाव्या दिवशी झालं तर त्याच पावतीचे शून्य. क्लेमसाठी डॉक्टरांची मूळ चिठ्ठी, शिक्क्याची मूळ पावती आणि रिपोर्ट जपून ठेवायला हवा. ‘पावती नको असेल तर कमी करतो’ असं कुणी म्हटलं, तर त्या सवलतीत आपण काय विकतोय हे इथे कळतं.

याच्या उलट सल्लाही कानावर येतो : ‘‘एक दिवस ॲडमिट व्हा, एमआरआय विम्यातून निघेल.’’ तो ऐकू नये. केवळ तपासणीसाठी झालेली भरती सगळ्या प्रमाणित पॉलिसींत स्पष्टपणे वगळलेली आहे. कलमाचा क्रमांकसुद्धा सगळीकडे एकच, ‘एक्स्क्ल ०४’. क्लेम फेटाळला गेला तर एमआरआयच्या जोडीला खोलीभाडंही आपल्याच अंगावर पडतं.

इतकं सगळं पेशंटने स्वतः जाणून घ्यावं ही अपेक्षा रास्त आहे का? कमरेतून कळा येत असताना माणूस टेस्ला नि को-पेचा हिशेब मांडत बसणार नाही. रुग्णालयांचं दरपत्रक २७ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयातही चर्चेला आलं. मोतीबिंदूचं जे ऑपरेशन सरकारी दराने १०,००० रुपयांत होतं, त्याला खासगीत ३०,००० ते १,४०,००० का पडतात, हा तिथला मुद्दा होता. केंद्राचा २०१०चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे सुश्रूषागृह नोंदणीचा १९४९चा कायदा चालतो. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावणं आलं. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर ‘‘दरपत्रक कुठे आहे?’’ असं विचारायला बिचकायचं कारण नाही.

भाव एकच असावा असा हट्ट धरणं भाबडेपणाचं होईल. फौंड्रीतल्या कामगाराला शून्य आणि डीलक्स रूमवाल्याला जास्त, यात अन्याय आहेच असं नाही. एसटीतही आपण ते मान्य करतो. पण एसटीचं भाडं आणि सवलती सगळ्यांना आधीपासून माहीत असतात. एमआरआयमध्ये सवलत कुणाला, किती आणि कुणाच्या खिशातून, हे बिल हातात पडेपर्यंत कळत नाही. २०२०मध्ये छातीच्या एका स्कॅनचे दर ठरवून, यंत्राच्या क्षमतेप्रमाणे तीन ओळींत लिहून दारावर लावायला लावणं सरकारला जमलं होतं. सेंटरं तेव्हाही चालली. कमरेच्या एमआरआयसाठी तसाच फलक लागावा, त्यावर कॅशचा, सीजीएचएसचा आणि विम्याचा दर शेजारी-शेजारी असावा, यासाठी पुढच्या महामारीची वाट बघायला नको.